आधी कोणी जेवायचं

कळसाडी, ता. शहादा
१८ मार्च २०२५

चि. सौ. शीला हिस,

लोटनदाजीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडे सुरतला साडूभाऊ, मुलं, तुझी कंबर, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायला तू फोन उचलत नाहीस.

म्हणून हा पोस्टाचा लिफाफा. आमच्या पोस्टमनला वाटलं माझं काही कोर्टाचं काम निघालं. दुसरंही एक कारण आहे. फोनवर बोललो की पुढच्या खोलीत तुझ्या ताईला शब्द न्‌ शब्द ऐकू जातो. दिवाळीत लकव्यानं तिचं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, पण कान पूर्वीसारखेच तिखट आहेत. तिच्याच उशाशी बसून तिच्याविषयी बोलायला मला कसंतरी होतं.

फेब्रुवारीत तू जाताना ओट्यावर आपलं जे झालं ते झालं. तू म्हणालीस, "दाजी, तुमले जमाव नही. आखाजीले मी गाडी लई येसू आनि ताईले लई जासू." मी म्हणालो, बायको माझी आहे, घर माझं आहे. सगळ्या गल्लीनं ऐकलं. समोरची नर्मदाबाई अजून मला विचारते, अक्षय्य तृतीयेला गाडी येणार का म्हणून. ते मी विसरलेलो नाही आणि तूही विसरली नसशील, म्हणून सांगतो की मला जमतंय.

पोरानं, नवनीतनं, पुण्याहून फोनाफोनी करून धुळ्याच्या एका ब्युरोतून बाई ठरवून दिली. सरलाबाई नाव. चोवीस तास इथेच राहते. अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर, हातापायाचा व्यायाम, सगळं तिला येतं. पहिल्या दिवशी घरात परकी बाई म्हटल्यावर मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. न्हाणीला जाताना खाकरून जायचं, बनियनवर फिरायचं नाही. पण पाठीला झालेली जखम तिनं आठवड्यात सुकवत आणली, हे मान्य करायला पाहिजे.

खाट पुढच्या खोलीत हलवली. खिडकीतून रस्ता दिसतो, केळीच्या गाड्या जाताना दिसतात. होळीला गल्लीतल्या बायका येऊन तिच्या कपाळाला गुलाल लावून गेल्या. तिनं डावा हात वर करून नर्मदाबाईच्या गालाला लावला. मी बघितलं.

तू सांगून गेलीस तसाच नियम ठेवलाय. आधी पेशंटचं जेवण, मग बाकी सगळ्यांचं. सरलाबाईला पहिल्याच दिवशी तसं बजावून सांगितलं. जेवणाचं ठीक चाललंय. उन्हाळा लागला की सगळ्यांचंच जेवण कमी होतं.

साडूभाऊंना नमस्कार. पत्राचं उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी मी लिहीन, मला आता वेळच वेळ आहे.

आपला,
लो. ध. पाटील


कळसाडी
३ एप्रिल २०२५

चि. शीला,

आशीर्वाद. पाडवा झाला. गुढी उभारली, पण गाठी कुठे मिळते तेच मला माहीत नव्हतं. दरवर्षी ती आपोआप यायची. यंदा शेजारून मागून आणली.

सरलाबाई गेली. मीच घालवली म्हण. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दोन-चार वेळा बोलायला गेलो आणि शेवटी तोंडातून निघून गेलं की बाई, तुम्ही भरवता की नुसता चमचा फिरवता. तिनं पिशवी भरली, ताईच्या पाया पडली आणि गेली. मग ब्युरोनं दुसरी पाठवली. आशा म्हणून पोरगी आहे, नवापूरकडची, गावित. ख्रिस्ती आहे, गळ्यात छोटा क्रूस असतो. रविवारी चर्चला जायचं म्हणून सुट्टी घेते, सोमवारी सकाळी परत येते. मला बाबा म्हणते, ताईला आई. बोलायला फटकळ आहे. तुझ्या ताईला तिचं बोलणं आवडतं असं वाटतं, ती आली की डोळे मोठे करून ऐकते.

आता खरं ते लिहितो. मागच्या पत्रात जेवणाचं ठीक आहे असं लिहिलं, ते ठीक नव्हतं.

ती तोंड उघडत नाही, शीला. चमचा पुढे नेला की ओठ घट्ट मिटून घेते. सरलाबाईनं केलं, आशानं केलं, मीही करून बघितलं. कधी दोन चमचे जातात, कधी तेही नाही. डॉक्टरांनी गळा तपासला. म्हणाले, गिळायला व्यवस्थित येतंय, मऊ अन्न द्यायला हरकत नाही, पण पेशंट मनानंच घेत नाहीत. माझा जन्म कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात गेला. भरलेली गाडी लांबून बघून मी टनात सांगायचो. तिला खाटेवरून खुर्चीत उचलताना मला काट्याची गरज पडत नाही. दर आठवड्याला ती हलकी लागते.

डॉक्टर म्हणतात आणखी थोडे दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळीतून पातळ जेवण द्यायचं. वाईट काही नाही म्हणतात, पुष्कळांना घालतात. पण डावा हात चालतो तिचा, ती नळी ओढून काढेल. मग हात बांधावा लागेल म्हणाले. तिचा एकच हात राहिलाय, तोही बांधायचा, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि आणखी एक. चमचा पुढे नेला की ती माझ्याकडे बघतच नाही. दाराकडे बघते. सारखी दाराकडे. दारातून वारा येतो म्हणून असेल. तेवढं एकच दार उघडं असतं.

नळीचं एकट्यानं ठरवायची माझी हिंमत नाही. नवनीत म्हणतो, डॉक्टर सांगतील तसं करा. तू तिची बहीण आहेस. काय करू ते सांग. गाडी आखाजीच्या आधी आणायची असेल तरी सांग. मी ओट्यावर भांडायला उभा राहणार नाही.

तुझा,
लोटनदाजी


कळसाडी
२१ एप्रिल २०२५

प्रिय शीला,

तुझं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या लिफाफ्यात दोन ओळी. "नळीनं मले इचारू नका. ताईले इचारा." पहिल्यांदा वाचून राग आला. वाटलं, भांडण अजून सोडत नाही बया. मग घडी करून खिशात ठेवलं आणि चार-पाच दिवस तसंच घेऊन फिरलो, कारण तू बरोबर बोलली होतीस. सगळ्यांना विचारलं मी, डॉक्टरांना, मुलाला, तुला. तिला विचारलं नव्हतं.

का विचारलं नाही तेही आज लिहून टाकतो. ती दाराकडे का बघते ते मला कळलं होतं, असं मला वाटत होतं. तुझी गाडी येते का ते ती बघत होती. तिला इथून जायचं होतं. पस्तीस-चाळीस वर्षं माझा आरडाओरडा ऐकला, आता बोलता येत नाही म्हणून जेवण सोडून सांगतेय की मला या माणसाच्या घरात राहायचं नाही. असं माझ्या मनानं घेतलं होतं. वाऱ्याचं मी तुला खोटंच लिहिलं. विचारलं असतं आणि तिनं मान हलवून हो म्हटलं असतं, तर मी काय करणार होतो. म्हणून विचारत नव्हतो. नळी परवडली असं वाटायचं.

आता झालं काय ते ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच्या सोमवारची गोष्ट. आशा रविवारची सुट्टी करून नवापूरहून निघाली आणि गाडी वाटेत बंद पडली. सकाळी यायची ती जेवणाच्या वेळेला उन्हातून पोचली, तोंड लाल झालेलं. मी पेज गार करून ठेवली होती. मी म्हटलं, "हातपाय धू आणि पहिलं आईला भरव, उशीर झालाय." ती हातपाय धुऊन आली, खाटेशेजारी खाली बसली, पिशवीतून फडकं सोडलं आणि नागलीची भाकरी काढून चटणीला लावून स्वतःच खायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी दारातूनच ओरडलो, "ओ बाई, या घरात आधी पेशंट जेवतो."

ती म्हणाली, "बाबा, पहाटेपासून पोटात पाणीसुद्धा नाही. मला चक्कर येतेय. आईच्या अंगावर पडले तर दोघींना उचलायला तुम्हीच लागाल. दोन घास खाते, मग ओरडा."

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घशातून, जोरात, शब्द नाही पण सूर ओळखीचा. शीला, ती रागावली. माझ्यावर. दिवाळीनंतर पहिल्यांदा. चटणीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं की ज्या सुरात मला गप्प करायची तोच सूर. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

ती दाराकडे बघत नव्हती. आशाच्या हाताकडे बघत होती. भाकरी तोडते, चटणीला लावते, खाते, सगळं बघत होती. आशाची भाकरी संपली, तिनं हात धुतला आणि पेजेची वाटी घेतली. चमचा पुढे नेला. तुझ्या ताईनं तोंड उघडलं. आशानं दुसरा चमचा दिला, तिसरा दिला. अर्धी वाटी गेली. आशाला त्याचं काही विशेष वाटलं नाही, तिला वाटलं आज आईला भूक लागली असेल. मी मात्र ओट्यावर जाऊन बसलो आणि मला आमशा आठवला.

आमशा आठवतो का तुला? आमचा सालदार, धडगावकडचा. तू परकर-पोलक्यात इथे यायचीस तेव्हा तो तुला बैलगाडीत बसवून शेतात न्यायचा. तुझी ताई लग्न होऊन आली त्याच आखाजीला तो आमच्याकडे सालावर लागला. आमच्या घरात रीत अशी की आधी घरधनी, मग मुलं, मग बायका, आणि उरलंसुरलं सालदाराला. तुझ्या ताईनं पहिल्याच आठवड्यात पहिलं ताट ओसरीवर आमशाला नेलं. माझी आई कडाडली. तर नवी नवरी डोक्यावरचा पदर सावरत म्हणते, "काम करनारा उपाशी ऱ्हायना ते आपला घास अंगले लागस नही." आई आठ दिवस बोलली नाही तिच्याशी. पण रीत बदलली ती बदललीच. मीसुद्धा कारखान्यातून भुकेनं कावून आलो तरी आमशाचं ताट गेल्याशिवाय मला भाकरी मिळायची नाही. किती भांडलो मी त्यावरून.

आणि आपण काय केलं? आधी पेशंट, आधी पेशंट. भरवणारी बाई उपाशी उभी, तिच्या मागे मी उपाशी उभा, आणि हिच्या तोंडाशी चमचा धरलेला. सरलाबाई भरवायची तेव्हा ती स्वतः उपाशी. मी भरवायचो तेव्हा सरलाबाई, नंतर आशा, दारात. ती दाराकडे बघायची ती ह्यासाठी. राबणारं माणूस न जेवता दारात उभं असताना ती कशी गिळेल. सगळी अक्कल लावून आपण नियम केला, आणि तो तिच्या घरचा नव्हता.

मला लगेच पटलं नाही म्हणा. माझा स्वभाव. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आशाला म्हटलं, आज आईचं आधी होऊ दे. ओठ मिटले. मग आशाला म्हटलं, बस, जेव. आशा वैतागून म्हणाली, "बाबा, एक काय ते ठरवा." ती जेवली, ओठ उघडले. तेव्हापासून आमच्याकडे पहिलं ताट आशाचं, खाटेशेजारी, आईच्या समोर. दुसरं माझं, तेही तिथेच. मग ती. रात्रीच्या जेवणाला तर खोलीत अशी पंगत बसते की नर्मदाबाई खिडकीतून विचारते, कोणाचं बारसं आहे.

सरलाबाईला फोन केला. म्हटलं, बाई, चूक माझी होती, तुमच्या हातात काही खोट नव्हती. ती म्हणाली, "मला साखरेचा त्रास आहे दादा, तुमच्याकडे दुपारी मला फार थरथरायचं, पण तुमच्या तोंडाकडे बघून बोलायला भीती वाटायची." बघ आता. तुझ्या ताईला तिची थरथर दिसत होती, मला दिसली नाही. सरलाबाई आता दोंडाईच्याला एका म्हाताऱ्यांकडे आहे, बरं चाललंय म्हणाली.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. काटा वर सरकलाय, थोडाच, पण वर. नळीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. व्यायाम वाढवायला सांगितलाय. काल आशाचा ईस्टर होता, दोन दिवस ती तिच्या घरी होती, तर भरवण्याचं काम माझ्याकडे. मी तिच्यासमोर मांडी घालून जेवलो, रिकामं ताट तिला दाखवलं, मग तिला भरवलं. अर्धं माझ्या सदऱ्यावर सांडलं, पण वाटी संपली.

एवढं झालं आणि मग मला जोर आला. कालच संध्याकाळी, तिचं तोंड पुसता पुसता, विचारून टाकलं. "तुले शीलाकडे सुरतले जावानं शे का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलं एकटक. आणि मान हलवली. हो.

हातातल्या फडक्याची मी उगाच घडी घालत बसलो. बाहेर जाऊन यावं असं वाटलं, पण तिला एकटं टाकून जाता येईना. शेवटी मान खाली घालून विचारलं, "कायमनं?"

पुन्हा तोच आवाज, घशातून, रागाचा. आणि डाव्या हातानं तिनं माझा सदरा धरला, पेज सांडलेला, आणि सोडेचना. मी वर बघितलं तर ती रडत होती आणि मला खाऊ की गिळू अशी बघत होती. मग माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. अरे, आखाजी आलीय. गल्लीत पोरींनी झोके बांधलेत, दुपारी गाणी चालतात, खिडकीतून सगळं तिच्या कानावर पडतं. सासरी आलेली प्रत्येक बाई ह्या दिवसांत माहेराकडे डोळे लावून बसते. तुमची आई गेल्यापासून तुझी ताई आखाजीला कुठे गेली नाही. दरवर्षी माझ्यासाठी पुरण शिजवत बसली, मी खात बसलो, आणि तिला माहेर उरलं नाही हे माझ्या कधी मनातही आलं नाही. माहेर म्हणून आता तूच एक आहेस तिला.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. म्हणाले, नेता येईल, वाटेत थांबत थांबत जा, कूस बदला, बरोबर बाई असू द्या. आशाला विचारलं. ती म्हणाली, मी येते, मला सुरतचा समुद्र बघायचाय. सुरतमध्ये समुद्र कुठून दिसणार हे तिला मी सांगितलं नाही, ते तू बघ आणि पोरीला कुठे तरी फिरवून आण.

तर शीला, ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन ये. मागची सीट आडवी होणारी आण. भांडून न्यायला नको, मुऱ्हाळी होऊन ये, माहेरचं माणूस लेकीला न्यायला येतं तशी. दारात मी तुला ओवाळायला लावीन नर्मदाबाईला, म्हणजे गल्लीलाही कळेल गाडी कशासाठी आली ते. पंधरा दिवस ठेवून घे. महिना ठेवलास तरी मी काही बोलणार नाही, बोललो तर मनावर घेऊ नकोस. तुम्ही दोघी बहिणींनी एका खोलीत झोपा. तू बोल, ती ऐकेल, तसंही लहानपणापासून तुमचं असंच होतं असं ती सांगायची. आणि तुमच्याकडे जेवायला बसाल तेव्हा पहिलं ताट आशाचं, हे साडूभाऊंना आधीच सांगून ठेव.

इथे मी एकटा राहीन. खिचडी मला येते आता. रोज संध्याकाळी फोन करीन, तेवढा उचल, आणि फोन तिच्या कानाला लाव. मी काय बोलायचं ते बोलेन, तुम्ही कोणी ऐकू नका.

ठरलेले दिवस झाले की मला कळव. नवा सदरा घालून, जावयानं यावं तसा, दारात येऊन उभा राहीन.

तिला परत न्यायला येणारा,
तुझा दाजी,
लोटन